नायिकेच्या तोंडचं ‘मले’

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी एका टीव्ही मालिकेपायी उगाच आकांडतांडव केलं. डोणगावच्या शाळेत गेली एकवीस वर्षं मी मराठी शिकवते. व्हरांड्यात माझा आवाज आला की पोरं न सांगता वर्गात जातात. तीच मी, चार-पाच महिने एका वाहिनीच्या बाईंशी फोनवर इतकी मऊ बोलत होते की नवरा बाहेरून विचारायचा, बँकेतून फोन होता का? एक चांगली मालिका तिच्याच वाहिनीने कशी मारली, ते मी त्या काळात जवळून पाहिलं. तिच्या नायिकेची भाषा माझी होती, म्हणून मला ते अजून पचलेलं नाही.

सुरुवात एका फाइलने झाली. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत मालिका लिहितो. एका रविवारी त्याचा फोन आला. “बाई, मरून राह्यलो. पाच भागांचे संवाद पाठवले, आजच्या आज पाहून द्या ना.”

मी म्हटलं, तू इथलाच, तूच पाहा.

“रोज तीस तीस पानं लिहून राह्यलो बाई. लिहितो साध्या मराठीत, काऊन की वाहिनीवाले तेच वाचतात. मंग ऑफिसातले लोक त्याची वऱ्हाडी करतात.”

वऱ्हाडी करतात म्हणजे काय करतात, ते फाइल उघडल्यावर कळलं. गोष्ट झकास होती. एसटीतली एक तरुण कंडक्टर, मेहकरकडची. तिच्या गाडीची एका आडगावाची फेरी तोट्यात जाते म्हणून बंद करायचं ठरतं, आणि ती फेरी बंद झाली तर त्या गावच्या मुलींची शाळा सुटणार असते. ही बाई ती फेरी बंद होऊ देत नाही. कुणासाठी झुरत नाही, देवघरासमोर रडत नाही, खाकी घालून भांडते. पहिलंच वाक्य होतं, “मले वाटलं, तुले कळलं असेल.” मला आनंद झाला. म्हटलं, वा, जमलंय की.

तिसऱ्या पानावर नायिका तिच्या दारुड्या काकाला झापत होती: “लेज नाही वाटत तुले? लेल परीत बसून दारू प्यायले?” मी चष्मा पुसला. पुढच्या पानावर कुणीतरी गुलेबाचं फूल घेऊन उभं होतं. आणि त्याच्याही पुढे, बापाच्या मरणाच्या प्रसंगात, नायिका हंबरडा फोडत होती, “माझा बाप गेले!”

ऑफिसातल्या कुणा हुशार माणसाने संगणकाला हुकूम दिला होता, जिथे जिथे ‘ला’ दिसेल तिथे ‘ले’ कर. वऱ्हाडीत ‘मला’चं ‘मले’ होतं, ‘तुला’चं ‘तुले’ होतं, एवढं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. झालं, एका दुपारी आमची अख्खी बोली तयार. लाल परीची लेल परी आणि लाजेची लेज झाली. आणि जे खरंच बदलायला हवं होतं, ते ‘लोकांना’ मात्र तसंच ठेवलं होतं, कारण त्यात ‘ला’ नव्हता. आम्ही ‘लोकायले’ म्हणतो, हे संगणकाला कोण सांगणार?

मी आधी पोटभर हसले. नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही हसला. मग एकदम माझा तिळपापड झाला. त्या रविवारी मी जेवणसुद्धा टेबलावरच घेतलं आणि पाचही भाग पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहून काढले. पुढच्या रविवारी आणखी पाच. मालिकेच्या नावांच्या पाटीवर माझं नाव ‘भाषा साहाय्य’ म्हणून येणार होतं. मी विद्यार्थ्याला बजावलं की घाटाखालची खामगावकडची बोली वेगळी, आमची घाटावरची वेगळी, आणि लोणार-बीबीकडे सरकलं की तिच्यात जालन्याचं पाणी मिसळायला लागतं. नायिका घाटावरची आहे, तिला नागपूरचं बोलायला लावशील तर याद राख. तो “हाव बाई” म्हणाला.

आता मला हे एवढं का लागलं, ते सांगायला हवं. एकोणीस वर्षांची असताना मी शिकायला पुण्याला गेले. वसतिगृहातल्या पहिल्या दिवशी मी एका मुलीला विचारलं, “मले बादली कुठी भेटन?” खोलीतल्या सगळ्या खो खो हसल्या. वाईट नव्हत्या त्या, नंतर माझ्या मैत्रिणीही झाल्या, पण त्या दिवसापासून माझं नाव ‘मले’ पडलं. “ए मले, जेवायला येतेस का?” मी पण हसायचे. दोन महिन्यांत माझी जीभ इतकी धुऊन निघाली की दिवाळीला घरी आल्यावर आई म्हणाली, तू कोणाच्या घरचं बोलून राह्यली? त्यानंतर वऱ्हाडी मी फक्त घरात आणि भाजीबाजारात ठेवली. टीव्हीवर ती यायची ती नेहमी नोकराच्या, दारुड्याच्या किंवा ढेरपोट्या हवालदाराच्या तोंडी. तिच्यावर हसायचं असतं हे ठरलेलंच होतं. आणि आता पहिल्यांदा ती नायिकेच्या तोंडी येणार होती. हसवण्यासाठी नाही, साधं बोलण्यासाठी. मला ते पाहिजे होतं. सरळच सांगते, मला ते स्वतःसाठी पाहिजे होतं.

नायिकेचं काम करणारी मुलगी कोकणातली. तिला वऱ्हाडी ओ की ठो येत नव्हती. ती तीन दिवस आमच्याकडे राहायला आली. पहिल्या दिवशी मी तिला शब्द शिकवायला बसले, शाळेत बसतात तशी. तिने वही बाजूला ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, मला गाडीत बसवा.” मग आम्ही डोणगाव-मेहकर, मेहकर-डोणगाव अशा फेऱ्या मारल्या. एका गाडीवर खरीच बाई कंडक्टर होती, चाळिशीची, खांद्याला तिकिटाचं मशीन. ती दारात अडलेल्या गर्दीला म्हणाली, “मधात सरका ना बाप्पा, मधात अख्खी गाडी रिकामी हाये.” पोरगी ते वाक्य रात्री भाकरी थापताना म्हणत होती, सकाळी दात घासताना म्हणत होती. शब्द तिला पहिल्या तासात आले होते. वाक्य शेवटी कसं खाली बसतं, ते ती शोधत होती.

तिसऱ्या दिवशी मेहकरच्या स्टँडवर ती चहाच्या गाड्याशी गेली आणि म्हणाली, “काका, मले एक चहा द्या बरं, साखर कमी.” चहावाल्याने मान वर न करता चहा गाळला आणि पुढे केला. त्याने वर पाहिलं नाही, हेच तिचं प्रमाणपत्र. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

जाताना मात्र तिने मला एक टोला दिला. “मॅडम, तुम्ही मला तीन दिवस वऱ्हाडी शिकवलीत, पण माझ्याशी एक वाक्य वऱ्हाडीत बोलला नाहीत. काऊन?” मी म्हटलं, सवय गं. ती हसून गाडीत बसली.

मालिका संध्याकाळी साडेसातला सुरू झाली. त्याआधी महिनाभर जाहिरात दाखवत होते. जाहिरातीत आमची कंडक्टर नऊवारी नेसून, कमरेवर कळशी घेऊन बांधावरून चालत होती. मालिकेत ती नऊवारी नेसत नाही, कळशी उचलत नाही आणि बांधावर जायला तिला वेळ नसतो. दुसऱ्या जाहिरातीत दारुडा काका तीन वेळा पडला. ज्याने ही जाहिरात केली, त्याने मालिकेचा एकही भाग वाचला नसणार, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

तरी मालिका चालली. निदान आमच्याकडे तरी चालली. भाजीबाजारात बायका तिच्याबद्दल अशा बोलायच्या, जशी ती कुणाची नणंदच. आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी हिवरा आश्रमला माहेरी गेल्या, तर तिथे त्यांच्या भावजयीने साडेसातला स्वयंपाक थांबवला. मधल्या सुट्टीत मुली बाकांची एसटी करून खेळायला लागल्या आणि कंडक्टर व्हायला भांडायला लागल्या. ड्रायव्हर व्हायला कुणी तयार नसायचं. मावशी एकदा मला म्हणाल्या, “बाई, थे पोरगी आपल्यासारखी बोलते अन् तिच्यावर कोणी हासत नाही. मले तर सुरुवातीले भेवच वाटे, की आता हासतीन, मंग हासतीन.” मलाही तेच भय होतं. मी त्यांना तसं म्हणाले नाही.

पाचव्या आठवड्यात वाहिनीच्या बाईंचा पहिला फोन आला. वाहिनीवर कुठली मालिका कशी जाईल ते त्या ठरवायच्या. बोलणं अतिशय सुसंस्कृत, प्रत्येक वाक्याला एक कौतुक. म्हणाल्या, “तुमचं काम फारच अस्सल आहे. फक्त शहरी प्रेक्षकाला जरा गोडवा कमी पडतोय. एका भागात पाचच्या वर ‘मले’ नको, असं आपण ठरवूया का?”

पाच मले. शिधापत्रिकेवर साखर मिळते तसे. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “हो, पाहते ना, प्रयत्न करते.” अगदी पुणेरी सुरात. फोन ठेवल्यावर मी उशी आपटली, पण फोनवर मी ‘प्रयत्न करते’ म्हणाले होते. आणि खरंच केला. ‘मले भूक लागली’च्या जागी ‘जेवाची येळ झाली’ लिहिलं. ‘मले नाही पटत’च्या जागी ‘हे काही बराबर नाही’ लिहिलं. एक बाई दिवसभर स्वतःबद्दल न बोलता भांडत राहते, असं दिसायला लागलं. मुलीने सेटवरून विचारलं, “मॅडम, हिला स्वतःला काही नको आहे का?” मी तिला पाच मलेंची गोष्ट सांगितली.

मग वेळ बदलली. साडेसातला एक नाच-गाण्याचा कार्यक्रम बसवायचा होता, म्हणून आमची मालिका सहाला. त्या आधीचे दोन आठवडे मालिका दिसलीच नाही, कारण वाहिनीचा स्वतःचा पुरस्कार सोहळा होता आणि मग त्याचं पुन्हा प्रक्षेपण होतं. नवी वेळ कुणाला कळावी म्हणून एक पट्टी खालून सरकवली, ती वाचेपर्यंत निघून जायची. बाई म्हणाल्या, सहाला गृहिणी मोकळ्या असतात. कुठल्या गृहिणी? आमच्याकडची बाई सहाला शेतातून घरात पाय ठेवते. मग चूल, मग धार, मग पोरांचं पाहणं. जिच्यासारखी नायिका आहे तिलाच नायिका दिसेनाशी झाली. पुढे दुपारी एक. तेव्हा सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती, गावात चिटपाखरू नसायचं. मग वाहिनीने म्हणे आकडे पाहिले आणि निष्कर्ष काढला की ग्रामीण प्रेक्षक या मालिकेशी जोडला गेला नाही. दार आपण बाहेरून लावायचं आणि पाहुणे आले नाहीत म्हणून रुसायचं, असला प्रकार. मी रागाने हे विद्यार्थ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, “बाई, तुम्हीच सांगा ना त्याइले.” मी नाही सांगितलं.

आकडे घसरले तशी गोष्ट बदलायला लागली. एका सोमवारी नायिकेला अचानक जुळी बहीण निघाली, शहरात वाढलेली, दुष्ट. बंद होणारी फेरी आणि शाळेच्या मुली बाजूला पडल्या. आगाराचा व्यवस्थापक म्हणून पुण्याचा एक देखणा तरुण आला. मी म्हटलं, चला, येऊ दे बिचारा, प्रेमात पडायला हरकत नाही. मग बाईंचा फोन आला आणि त्यांनी नायिकेचा पुढचा ‘प्रवास’ सांगितला. तो तरुण तिला बोलायला शिकवतो. ‘मले’ नाही, ‘मला’ म्हण. ती चुकते, लाजते, पुन्हा म्हणते. हळूहळू तिची भाषा सुधारते. लग्नाच्या भागात ती पूर्ण शुद्ध बोलते आणि सासूबाई तिला जवळ घेतात. “किती गोड होईल ना?” बाई म्हणाल्या.

सुधारते. हा शब्द ऐकला आणि माझं डोकं भणाणलं. त्या कंडक्टरची फेरी वाचली की नाही, याला आता अर्थ उरला नव्हता. ‘मले’चं ‘मला’ झालं की बाई वाचली. वसतिगृहातली ती हसणारी खोली पुन्हा भरणार होती आणि या वेळी माझ्याच हाताने.

मी म्हणाले, “हा प्रसंग मी लिहिणार नाही.” पहिल्यांदाच म्हणाले. तरी सूर मऊच होता.

बाई जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “पण मॅडम, तुम्ही स्वतः मराठीच्या शिक्षिका आहात. वर्गात मुलांनी ‘मले’ म्हटलं तर तुम्ही काय करता? दुरुस्तच करता ना? मग नायकाने केलं तर काय बिघडलं?”

हो, मी दुरुस्त करते. लाल पेनाने वहीत तर करतेच, पण तोंडीही करते. “मले नाही रे, मला.” दिवसातून वीस वेळा म्हणत असेन. बाईंनी बरोबर माझ्या वर्मावर बोट ठेवलं होतं. मी काहीतरी “तो वेगळा संदर्भ आहे” असं पुटपुटले आणि फोन ठेवला. त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणणार नाही, झोप लागली. पण सकाळी वर्गात एक मुलगी म्हणाली, “बाई, मले दिसून नाही राह्यलं फळ्यावरचं,” आणि माझं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मी गुपचूप फळ्यासमोरून बाजूला झाले.

तो प्रसंग विद्यार्थ्याने लिहिला. त्याला नोकरी टिकवायची होती, मी त्याला बोल लावत नाही. पण तेवढ्यात वाहिनीचाच निरोप आला की आठ दिवसांत मालिका गुंडाळा. शंभर भागही झाले नव्हते. आता आठ दिवसांत जुळी बहीण तुरुंगात, फेरी चालू, लग्न आणि भाषा शुद्ध, एवढं सगळं उरकायचं होतं. शेवटच्या प्रसंगात नायक विचारणार होता, तुला काय हवं आहे? आणि ती शुद्ध भाषेत उत्तर देणार होती.

चित्रीकरणाच्या दिवशी त्या कोकणातल्या मुलीचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती. “मॅडम, कागदावर लिहिलंय, ‘मला माझी गाडी हवी आहे.’ मी काय करू?”

या वेळीही मी शहाणपणाचा सल्ला देऊ शकले असते. पोटापाण्याचा प्रश्न आहे, म्हणून टाक, असं. तो सल्ला जिभेवर आलाही होता. पण मग मला तो चहावाला आठवला आणि मी विचारलं, “तू काय म्हणली असती?”

माझ्याच कानांना ते ऐकू आलं. ‘म्हणाली असतीस’ नाही, ‘म्हणली असती’. तिलाही ऐकू आलं असावं. ती म्हणाली, “हाव. समजलं,” आणि फोन ठेवला.

तिने कॅमेऱ्यासमोर काय म्हटलं ते नंतर विद्यार्थ्याने सांगितलं. “मले माही गाडी पाहिजे.” दिग्दर्शकाने दोनदा पुन्हा करायला लावलं. तिने दोन्ही वेळा तेच म्हटलं. दिग्दर्शकालाही मालिका संपल्याचा राग होताच, तिसऱ्यांदा त्याने हात वर केले आणि म्हणाला, चला, पुढचं. वाहिनीने ते पाहिलं, आणि पुन्हा चित्रीकरणाला वेळ नव्हता म्हणून मुंबईच्या दुसऱ्या एका मुलीला बोलावून तेवढ्या वाक्यांवर तिचा आवाज चढवला.

शेवटचा भाग दुपारी एकला होता, म्हणजे आमच्या मधल्या सुट्टीत. शिक्षकांच्या खोलीत फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. मी, मावशी आणि दोन शिक्षिका डबे उघडून बसलो. लग्नाचा मांडव, सनई, हसणारी सासू, सगळं घाईघाईत. नायकाने विचारलं, “तुला काय हवं आहे?” नायिकेने वर पाहिलं. अनोळखी, गोड, घासून पुसून काढलेला एक आवाज म्हणाला, “मला माझी गाडी हवी आहे.”

माझा घास हातातच राहिला. झालं, म्हटलं. तिचं ‘मले’ काढून घेतलं शेवटी.

मावशींनी भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला आणि फोनवर बोट ठेवलं. “अवं बाई, मांगं घ्या बरं थोडसं.” मी मागे घेतलं. पुन्हा तेच वाक्य. मावशी म्हणाल्या, “हे पाहा. आवाज हवी म्हणून राह्यला अन् तिचे ओठ मिटून राह्यले. हवी म्हणताना ओठ मिटतात काय कधी? थे पाहिजे म्हणून राह्यली!”

सहावीला मी दरवर्षी शिकवते की प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. एकवीस वर्षं शिकवते आहे आणि मला ते दिसलं नव्हतं, मावशींना दिसलं. आम्ही चौघींनी ते वाक्य पुन्हा लावलं. आवाज बंद करून लावलं. मग स्वच्छच दिसलं. सुरुवातीला ओठ फाकले ते ‘ले’साठी, ‘ला’साठी नाही. मग ओठ मिटले, उघडले, आणि हनुवटी जरा खाली आली, त्या मेहकरच्या गाडीतल्या कंडक्टरची यायची तशी. वाहिनीला तिचा आवाज काढता आला होता, तोंड काढता आलं नव्हतं. “मले माही गाडी पाहिजे,” आम्ही चौघी तिच्या बरोबर म्हणत होतो, फोन मुका आणि आम्ही मोठ्याने. मुख्याध्यापक दारात येऊन पाहून गेले.

मला वाटलं होतं गोष्ट इथे संपली. पण दोनेक महिन्यांनी, मी सातवीच्या वर्गाकडे जात होते, तास सुरू व्हायला मिनिट बाकी होतं, आणि वाहिनीच्या बाईंचा फोन आला. मी वर्गाच्या दारातच थांबून तो घेतला. बाई तितक्याच गोड होत्या. नवी मालिका येतेय, कौटुंबिक, मोठ्या घरातली. घरात एक नोकर आहे, वेंधळा, सारखा गोंधळ घालणारा, प्रेक्षकांचा लाडका होणार. “त्याच्यासाठी तुमची ती अस्सल वऱ्हाडी हवी आहे. यात कितीही ‘मले’ चालतील बरं का!” आणि त्या हसल्या.

आयुष्यभर अशा वेळी जो मऊ सूर माझ्या जिभेवर आला होता, तो आताही तयार होता. ‘हो, पाहते ना.’ मी तो गिळला.

“नाही जमत मले,” मी म्हणाले.

“सॉरी? आवाज तुटतोय का? नीट कळलं नाही.”

“आवाज नाही तुटून राह्यला, मॅडम. मी बोलून राह्यली. तुम्ही मले इचारलं होतं ना, पोरायनं वर्गात मले म्हटलं तं मी काय करते म्हणून? तवा मी गप बसली. आता सांगते. पेपरात मी ‘मला’च लिहाले लावते, काऊन की मार्क त्याचेच भेटतात. पण बोलतानाही टोकत होती, थे माहं चुकलं. आता नाही टोकणार. अन् तुमच्या त्या नायकालेही मी टोकू देणार नव्हती, हेच म्हणायचं होतं मले तवा.”

मग बाई जपून म्हणाल्या, “म्हणजे... तुम्ही आमच्यासाठी लिहिणार नाही?”

“लिहीन ना. बाई असन, तिचं काम असन, अन् पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसालोक ती मले म्हणन, तं फोन करजा. नोकराले हासाचं असन तं करू नका.”

फोन मीच ठेवला. वळून पाहिलं तर सातवीचा अख्खा वर्ग चिडीचूप, बाईंकडे आ वासून पाहत होता. एवढ्या वर्षांत बाईंचं असं बोलणं शाळेत कुणी ऐकलं नव्हतं. एक मुलगी हसेल, मग दुसरी हसेल, या भीतीने मी क्षणभर दारातच उभी राहिले. कुणी हसलं नाही.

मी आत गेले, फळा पुसला, खडू घेतला आणि म्हणाले, “काढा पुस्तकं. कालचा धडा कोणाकोणाले नाही समजला? मले सांगा.”